भिवंडीहून पार्सल पाठवताय? सर्वात स्वस्त शिपिंग कसं निवडायचं, संपूर्ण माहिती

मोबाईलवर फोटो काढला, इन्स्टाग्रामवर टाकला, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर आली. इथपर्यंत सगळं सोपं असतं. खरी परीक्षा पुढे असते: हे पार्सल पाठवायचं कशाने? पोस्टाने, कुरिअरने, की एखाद्या शिपिंग अ‍ॅपवरून? १५० रुपये नफ्याच्या गाऊनवर शिपिंगचेच १३० रुपये गेले, तर महिनाभर राबून हातात काहीच उरत नाही.

भिवंडीत घरबसल्या गाऊन, बेडशीट, टॉवेल, ड्रेस मटेरियल विकणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पण हिशोबाची पद्धत मालेगाव, इचलकरंजी किंवा सोलापूरच्या विक्रेत्यालाही तशीच लागू पडते.

आधी थोडक्यात उत्तर

रेट कार्डवर सर्वात कमी आकडा असलेली कंपनी नेहमीच स्वस्त पडते असं नाही. तुमच्यासाठी स्वस्त तीच, जिच्याकडून ग्राहकाच्या हातात पोचलेल्या एका पार्सलमागे सर्वात कमी खर्च येतो. परत आलेल्या पार्सलचा खर्च पोचलेल्या पार्सलांनाच सोसावा लागतो. तो धरल्याशिवाय केलेली तुलना अर्धवट राहते.

हा खर्च कसा काढायचा ते पुढे आकड्यांसह पाहूच. त्याआधी दर कसा ठरतो ते समजून घेऊ.

इतकी गोदामं शेजारी, मग आपल्याला स्वस्त का नाही?

भिवंडीत राहणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, पडघा, कुठेही जा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं दिसतात. मुंबई महापालिकेची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत चालू होती. त्यामुळे माल मुंबईच्या हद्दीबाहेर साठवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हे व्यापाऱ्यांना परवडायचं. मुंबई-नाशिक महामार्ग जवळ, न्हावाशेवा बंदर हाकेच्या अंतरावर नसलं तरी एका फेरीत होणारं, आणि जागा मुंबईपेक्षा स्वस्त. अ‍ॅमेझॉनने २०१३ मध्ये भारतात विक्री सुरू केली, तेव्हा त्यांचं पहिलं मोठं गोदामही भिवंडीतच होतं.

पण गोदाम शेजारी आहे म्हणून तुमच्या एका पार्सलचा दर कमी होत नाही. कुरिअर कंपनी दर लावते तो पिनकोड ते पिनकोड. तुमचं पार्सल आधी पिकअपच्या गाडीत, मग हबमध्ये, तिथून ग्राहकाच्या शहरात जातं. हब तुमच्या घरापासून चार किलोमीटरवर असलं तरी बिलात फरक पडत नाही. मोठ्या कंपन्यांना कमी दर मिळतो तो रोज हजारो पार्सलं देतात म्हणून.

भिवंडीकरांनी एक गोष्ट मात्र आवर्जून तपासावी. बऱ्याच कंपन्यांमध्ये मुंबई, दिल्ली, बंगळूरु अशा महानगरांच्या दरम्यानचा दर वेगळा आणि उरलेल्या भारताचा वेगळा असतो. भिवंडीचा पिनकोड, उदाहरणार्थ ४२१३०२, त्या कंपनीच्या यादीत मुंबई महानगरात धरलाय की बाहेर, हे रेट कॅल्क्युलेटरमध्ये टाकून बघा. याच एका गोष्टीमुळे दोन कंपन्यांच्या दरात फरक पडू शकतो.

पार्सलचा दर कशावर ठरतो?

१) वजनाचा स्लॅब

बहुतेक कुरिअर ५०० ग्रॅमच्या टप्प्याने पैसे घेतात. या टप्प्याला स्लॅब म्हणतात. ५०० ग्रॅमच्या वर १० ग्रॅम जरी गेले, तरी पुढच्या स्लॅबचा म्हणजे १ किलोचा दर लागतो.

समजा गाऊनचं वजन ४३० ग्रॅम आहे. पुठ्ठ्याचा ११० ग्रॅमचा बॉक्स वापरला तर एकूण ५४० ग्रॅम, म्हणजे दर १ किलोचा. तोच गाऊन २५ ग्रॅमच्या प्लास्टिक कुरिअर बॅगेत घातला तर ४५५ ग्रॅम, म्हणजे दर ५०० ग्रॅमचा. कपडा काही फुटत नाही, त्याला बॉक्सची गरजच नाही.

म्हणून शिपिंगवर पैसे वाचवायचे असतील, तर पहिली खरेदी स्वयंपाकघरात वापरतात तसल्या डिजिटल वजनकाट्याची करा.

२) आकारमानाचं वजन

हलकं पण फुगीर पार्सल गाडीत जागा अडवतं. म्हणून कंपन्या आकारावरूनही वजन काढतात. याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. सूत्र असं:

लांबी × रुंदी × उंची (सगळं सेंटिमीटरमध्ये) ÷ ५००० = किलो

प्रत्यक्ष वजन आणि हे वजन, यांपैकी जे जास्त, त्यावर बिल बनतं. ५००० हा आकडा खूप ठिकाणी वापरतात, पण सगळीकडे तोच असेल असं नाही. भागणारा आकडा जितका लहान, तितकं वजन जास्त निघतं, म्हणून करार करताना तो बघून घ्या.

उदाहरण म्हणून १.१ किलोची डबल बेडशीट घेऊ.

बॉक्समध्ये: ३५ × ३० × १२ = १२६०० ÷ ५००० = २.५२ किलो. बिल ३ किलोचं.
बॅगेत, घट्ट घडी करून: ३४ × २६ × ६ = ५३०४ ÷ ५००० = १.०६ किलो. प्रत्यक्ष वजन त्याहून जास्त, म्हणजे १.१ किलो. बिल १.५ किलोचं.

बेडशीट तीच आणि ग्राहकही तोच, पण बॉक्समध्ये सहा स्लॅबचे पैसे आणि बॅगेत तीन स्लॅबचे. दुसरी कंपनी शोधण्याआधी घडी बदलून बघा, ती फुकट आहे.

३) अंतर, म्हणजे झोन

कंपन्या देशाचे भाग पाडतात: त्याच शहरात, त्याच राज्यात किंवा जवळच्या भागात, महानगर ते महानगर, उरलेला भारत, आणि ईशान्य भारत व जम्मू-काश्मीर. शेवटचा झोन बहुधा सर्वात महाग असतो.

इथे पिनकोड महत्त्वाचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं आणि वेगवेगळ्या भाषांतले पत्ते, यातून पत्रांचा होणारा घोळ मिटावा म्हणून आकडे आले. पहिला आकडा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा कळतो, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस सांगतात.

कल्याणचा पिन ४२१३०१ आणि भिवंडीचा ४२१३०२. ग्राहकाने शेवटचा एक आकडा चुकवला की पार्सल शेजारच्या शहरात. मशीन आधी पिनकोड वाचतं, पत्ता नंतर.

४) रस्त्याने की विमानाने

रस्त्याने जाणाऱ्या सेवेला सरफेस म्हणतात, ती स्वस्त असते. भिवंडीहून पुणे, नाशिक, कोल्हापूरला पाठवायचं असेल तर एअरचे जादा पैसे देऊन फारसं काही मिळत नाही. गुवाहाटी किंवा कोलकात्याच्या ग्राहकाला घाई असेल तरच एअरचा विचार करा.

५) छोट्या अक्षरातले आकार

दराखाली बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं असतं: १८ टक्के जीएसटी, इंधन अधिभार, सीओडी फी, परतीचा दर. एका कंपनीचा दर जीएसटीसकट आणि दुसरीचा जीएसटीशिवाय, अशी तुलना करू नका. दोन्ही एकाच मापात आणा.

तुमच्यापुढे कोणकोणते पर्याय आहेत?

भारतीय डाक, म्हणजे आपलं पोस्ट

देशात १ लाख ६४ हजारांहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यातली बहुतेक खेड्यांत. जिथे खासगी कुरिअर "या पिनकोडवर सेवा नाही" म्हणतं, तिथेही पोस्टमन जातो. दिवसाला एक-दोनच ऑर्डर असतील, तर पोस्ट सोयीचं पडतं. आधी रिचार्ज नको, करार नको, एक पार्सल घेऊन काउंटरवर जायचं.

स्पीड पोस्ट १९८६ पासून आहे. घरातली मोठी माणसं अजूनही "रजिस्टर करून पाठव" म्हणतात, पण २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टला ओटीपी देऊन डिलिव्हरीची सोय आली आहे. त्यासाठी ५ रुपये अधिक जीएसटी लागतो. महागाच्या साडीसाठी ही सोय घ्या. "मला मिळालंच नाही" हा वाद राहत नाही.

बातम्यांत येणारे स्पीड पोस्टचे नवे दर कागदपत्रांचे असतात. कपड्याचा दर बघताना पोस्टाच्या कॅल्क्युलेटरमध्ये पार्सल निवडा, नाहीतर काउंटरवर गेल्यावर हिशोब चुकेल.

शैक्षणिक पुस्तकं पाठवत असाल, तर १ मे २०२५ ला सुरू झालेली ज्ञान पोस्ट सेवा बघा. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पण ती पुस्तकांपुरतीच आहे. त्यात गाऊन घालून पाठवता येत नाही.

गल्लीतलं कुरिअर काउंटर

ओळखीचा माणूस, रोख पैसे, लगेच पावती. पण एकट्या गिऱ्हाइकाला सहसा पूर्ण दर लागतो आणि सीओडीची सोय असेलच असं नाही. महिन्याला ठरावीक पार्सलं देणार असाल, तर "काय दर लावाल?" असं तोंडाने विचारा. बोर्डावरचा दर आणि बोलून ठरलेला दर यात फरक असतो.

शिपिंग अ‍ॅप, म्हणजे अ‍ॅग्रिगेटर

शिपरॉकेटसारखी अ‍ॅप अनेक कुरिअर कंपन्यांकडून घाऊक दराने सेवा घेतात आणि लहान विक्रेत्यांना देतात. एकाच स्क्रीनवर चार-पाच कंपन्यांचे दर दिसतात, लेबल छापता येतं, पिकअप घरी येतो, सीओडी मिळते. रोज पाच-दहा पार्सलं असणाऱ्याला हा मार्ग बहुधा सोयीचा.

पण तीन गोष्टी बघा. वॉलेटमध्ये आधी किती पैसे भरावे लागतात? "अमुक रुपयांपासून" लिहिलेला दर सर्वात महाग प्लॅनचा तर नाही ना? आणि सीओडीचे पैसे किती दिवसांनी बँकेत येतात? पैसे आठ-दहा दिवस अडकले, तर तेवढे दिवस नवा माल उधारीवर घ्यावा लागतो. पैसे लवकर हवे असतील तर त्याचीही वेगळी फी असते.

मार्केटप्लेस

मीशो, फ्लिपकार्ट, अ‍ॅमेझॉनवर विकताना कुरिअर कोणतं हे बहुतेक वेळा तेच ठरवतात. तिथे तुमच्या हातात असतं ते वजन, माप आणि कोणत्या पद्धतीने विकायचं ते. उदाहरणार्थ अ‍ॅमेझॉनवर तीन पद्धती आहेत: माल त्यांच्या गोदामात ठेवणं, तुमच्या घरून त्यांनी उचलणं, किंवा तुम्ही स्वतः पाठवणं. त्यांच्या गोदामात ठेवायचा विचार असेल तर आधी बघा की माल किती दिवसांत खपतो. न खपलेल्या मालाचं भाडं चढत राहतं.

लिस्टिंग करताना वजन आणि माप अंदाजाने टाकू नका. ते एकदा चुकलं की प्रत्येक ऑर्डरला नुकसान होतं.

ट्रान्सपोर्ट आणि एसटी

नाशिकच्या दुकानदाराने ४० बेडशीट मागवल्या तर कुरिअर नको, ट्रान्सपोर्ट बघा. भिवंडीत ट्रान्सपोर्टची ऑफिसं शोधावी लागत नाहीत. गठ्ठा बांधायचा, बिल्टी करायची, भाडं तुम्ही भरायचं किंवा "टू-पे" करून घेणाऱ्याने भरायचं. किलोमागे हा मार्ग सहसा कुरिअरपेक्षा बराच स्वस्त पडतो, पण माल बऱ्याचदा त्यांच्या गोदामातून उचलावा लागतो. एसटीची पार्सल सेवाही आहे. तीही बसस्थानकावरून घेण्याची तयारी असलेल्या ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी ठीक.

मालाची किंमत मोठी असेल तर ई-वे बिल लक्षात ठेवा. राज्याबाहेर ५० हजार रुपयांच्या वर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर ते लागतं.

आता खरा हिशोब: परत आलेलं पार्सल

ऑनलाइन धंद्यात आरटीओ हा शब्द रोज ऐकाल. हे गाडीचं लायसन्स देणारं ऑफिस नव्हे. ग्राहकाने पार्सल घेतलं नाही आणि ते विक्रेत्याकडे परत आलं, त्याला आरटीओ म्हणतात. सीओडीत, म्हणजे माल हातात आल्यावर पैसे देण्यात, हे जास्त होतं. पैसे दिलेले नसतात, त्यामुळे दारावर "नको" म्हणणं सोपं जातं.

आता दोन कंपन्यांची तुलना करू. पुढचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत, ते कोणत्याही खऱ्या कंपनीचे दर नाहीत. सगळे दर जीएसटीसकट धरू. १०० सीओडी ऑर्डर आहेत. माल आणि पॅकिंगचा खर्च वजा करून एका गाऊनवर १५० रुपये सुटतात, त्यातून शिपिंग भागवायचं आहे. सीओडी फी फक्त पोचलेल्या पार्सलवर लागते असं समजू.

कंपनी अ: पाठवण्याचा दर ५८ रुपये, सीओडी फी ३५, परतीचा दर ५०. १०० पैकी ७० पोचली, ३० परत.
पाठवण्याचे ५८००
सीओडीचे ७० × ३५ = २४५०
परतीचे ३० × ५० = १५००
एकूण ९७५०. पोचलेल्या एका पार्सलमागे ९७५० ÷ ७० = सुमारे १३९ रुपये.

कंपनी ब: पाठवण्याचा दर ७२ रुपये, सीओडी फी ३५, परतीचा दर ६०. १०० पैकी ८५ पोचली, १५ परत.
पाठवण्याचे ७२००
सीओडीचे ८५ × ३५ = २९७५
परतीचे १५ × ६० = ९००
एकूण ११०७५. पोचलेल्या एका पार्सलमागे ११०७५ ÷ ८५ = सुमारे १३० रुपये.

रेट कार्डवर ब कंपनी १४ रुपयांनी महाग होती. प्रत्यक्षात ती ९ रुपयांनी स्वस्त निघाली. हातात काय उरलं तेही बघा. अ कंपनीत ७० × १५० = १०५०० मधून ९७५० गेले, उरले ७५० रुपये. ब कंपनीत ८५ × १५० = १२७५० मधून ११०७५ गेले, उरले १६७५ रुपये. ऑर्डरी तेवढ्याच होत्या आणि राबणंही तेवढंच, पण कमाई दुपटीहून जास्त झाली.

आणि यात परत आलेल्या गाऊनची फाटलेली बॅग, चुरगळलेली इस्त्री आणि मधल्या पंधरा दिवसांत अडकलेला माल धरलेलाच नाही.

प्रीपेड केलं तर?

आता ब कंपनीनेच पाठवू, पण आगाऊ पैसे देणाऱ्याला ३० रुपये सूट देऊ. समजा १०० पैकी ४० जणांनी यूपीआयने आधी पैसे भरले. त्यातली २ पार्सलं परत आली, ३८ पोचली. उरलेल्या ६० सीओडीतली ९ परत आली, ५१ पोचली. म्हणजे एकूण ८९ पोचली.

पाठवण्याचे ७२००
सीओडीचे ५१ × ३५ = १७८५
परतीचे ११ × ६० = ६६०
सूट ३८ × ३० = ११४०
एकूण १०७८५. पोचलेल्या एका पार्सलमागे सुमारे १२१ रुपये. १३३५० मधून उरले २५६५ रुपये.

म्हणजे ३० रुपये सोडूनही कमाई वाढली. नव्या ग्राहकाला पूर्ण पैसे आधी द्यायची भीती वाटत असेल, तर थोडी आगाऊ रक्कम घ्या आणि उरलेले सीओडीने. ज्याने ५० रुपये आधी दिलेत, तो दारावर सहज नाही म्हणत नाही.

इथे एक सावधगिरी: पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नव्हे. तो बनावट असू शकतो. पैसे आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसल्यावरच लेबल छापा.

पार्सल परत येऊ नये म्हणून

ऑर्डर आल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता पुन्हा लिहून पाठवा आणि "हो" आल्यावरच पॅक करा. पिनकोड वेगळा विचारा. पिन आणि गाव जुळतंय का ते पोस्टाच्या वेबसाइटवर बघा.

जवळची खूण घ्या. "कामतघर, भिवंडी" एवढ्यावर डिलिव्हरी बॉय काय शोधणार? कोणत्या शाळेजवळ, कोणत्या कारखान्याच्या वर, कितवा मजला, हे हवं. पोस्टाने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे. साधारण ४ मीटर × ४ मीटरच्या चौकोनाला १० अक्षरांचा एक कोड. त्याने पिनकोड बदलत नाही, पण खुणेच्या जोडीला चालू शकतो.

डिलिव्हरी झाली नाही की अ‍ॅपमध्ये एनडीआर दिसतो, म्हणजे "पार्सल देता आलं नाही" असा शेरा. त्याच दिवशी ग्राहकाला फोन करा. "घर बंद होतं" की "नको आहे", हे त्याच्याच तोंडून कळतं आणि पुन्हा प्रयत्न करायला सांगता येतं. दोन दिवस थांबलात तर पार्सल परतीच्या गाडीत बसलेलं असतं.

आणि कपड्याचा रंग फोटोत जसा दिसतो तसाच असू द्या. फिल्टर लावून विकलेला गाऊन बऱ्याचदा परत येतो.

बिल जास्त आलं तर

कधीकधी तुम्ही ५०० ग्रॅम लिहिता आणि कंपनी १ किलोचं बिल लावते. याला वजनाचा वाद म्हणतात. तो जिंकायचा असेल तर पुरावा आधीच हवा. पार्सल काट्यावर ठेवून, लेबल आणि काट्यावरचा आकडा दोन्ही दिसतील असा फोटो काढा. माप घेताना टेप लावून एक फोटो. फोटोंचं फोल्डर तारखेनुसार ठेवा. तक्रारीला ठरावीक मुदत असते आणि ती संपली की पैसे कापलेलेच राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा वॉलेटचा हिशोब उघडून बघा.

मोबाईलवरच तुमचा तक्ता बनवा

गूगल शीट्समध्ये हे रकाने करा: तारीख, कंपनी, पिनकोड, वजन, पाठवण्याचा खर्च, सीओडी फी, परतीचा खर्च, पोचलं की परत. महिन्याच्या शेवटी प्रत्येक कंपनीसाठी एकच भागाकार:

एकूण शिपिंग खर्च ÷ पोचलेली पार्सलं

दहा-वीस पार्सलांवरून घाईने निष्कर्ष काढू नका, एखादा वाईट आठवडा कुणाचाही असू शकतो. तुलना एकाच झोनची करा. एका कंपनीची पुण्याची पार्सलं आणि दुसरीची आसामची, अशी तुलना चुकीची ठरेल. कदाचित असंही दिसेल की महाराष्ट्रासाठी एक कंपनी बरी आणि बिहारसाठी दुसरी. मग दोन्ही ठेवा. एकाच कंपनीशी बांधून घ्यायची गरज नाही.

कोणासाठी काय?

आठवड्याला चार-पाच ऑर्डर, बहुतेक प्रीपेड: पोस्ट किंवा ओळखीचं कुरिअर काउंटर.
रोज पाच-दहा ऑर्डर, सीओडीसह: शिपिंग अ‍ॅप, दोन-तीन कंपन्या तपासून.
खेड्यापाड्यातला ग्राहक, कुरिअरची सेवा नाही: स्पीड पोस्ट.
दुकानदाराची घाऊक ऑर्डर: ट्रान्सपोर्ट.
महाग साडी: ओटीपी डिलिव्हरी, आणि शक्य तर पूर्ण प्रीपेड.
शैक्षणिक पुस्तकं: ज्ञान पोस्ट.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

"फ्री शिपिंग" द्यावं का?
द्या, पण ते फुकट नसतं हे लक्षात ठेवून. शिपिंगचा सरासरी खर्च किमतीत धरा. त्यापेक्षा बरा उपाय म्हणजे दोन नग घेतल्यास शिपिंग फ्री. ३०० ग्रॅमचे दोन टॉप वेगवेगळे पाठवले तर ५०० ग्रॅमचे दोन दर, एकत्र पाठवले तर १ किलोचा एक दर. बहुतेक रेट कार्डांत दुसरा स्लॅब पहिल्यापेक्षा स्वस्त असतो.

स्वतः ठाणे-कल्याणला नेऊन द्यावं का?
एकाच बाजूची पाच-सहा पार्सलं असतील तर विचार करा. पेट्रोलसोबत वेळही मोजा. अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये गेलेला दीड तास हिशोबात लिहीत नाही म्हणून तो फुकट होत नाही.

जीएसटी नंबर असेल तर फायदा होतो का?
नोंदणी असेल तर शिपिंगवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट सहसा घेता येतं. तेव्हा तुलना जीएसटीशिवायच्या दराने करा. तुम्हाला नोंदणी लागते की नाही, विशेषतः राज्याबाहेर विकत असाल तर, हे कर सल्लागाराला विचारून घ्या.

शेवटी

पॉवरलूमवाल्याला मीटरमागे किती पैसे सुटतात हे तोंडपाठ असतं, कारण त्याचा धंदाच त्या पैशांवर चालतो. ऑनलाइन विक्रीत तसाच एक आकडा तोंडपाठ हवा: पोचलेल्या एका पार्सलमागे खर्च. हा महिना संपला की तुमचा आकडा काढा. तो तुमच्या एका नगावरच्या नफ्याच्या जवळ आला असेल, तर नव्या ऑर्डरी शोधण्याआधी पॅकिंग, पत्ते आणि प्रीपेड या तीन गोष्टी दुरुस्त करा. कंपनी त्यानंतर बदला.